दहा वर्षांची गॅरंटी कोणी दिली?

प्रश्न : मी ६९ वर्षांची, नागपुरात महाल भागात राहते. सहा वर्षांपूर्वी दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या. दुखणं गेलं. पण जिना उतरताना ‘टक्’ वाजतं आणि उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू बधिर आहे. शेजारच्या वहिनी म्हणतात, दहा वर्षांचीच गॅरंटी असते. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल का? आणि रामटेकचा गड पायऱ्यांनी चढू का?

उत्तर : नाही बाप्पा! काकू, गॅरंटी कूलरच्या मोटारीची असते. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून २०१९ साली हिशेब छापून आला, त्यात २५ वर्षांनंतरही शंभरातले साधारण ८२ गुडघे टिकून होते. तिकडची माणसं पाटावर जेवायला बसत नाहीत, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

वाटी बदलली असं आपण म्हणतो, पण खरं तर मांडीच्या आणि नळीच्या हाडाच्या टोकांवर धातू बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची चकती. वाटी पुष्कळदा तुमचीच राहते. ‘टक्’ त्या धातू-प्लास्टिकचं. दुखत नसेल, सूज नसेल, तर वाजू द्या. बधिरपणा चिरा देताना तुटलेल्या बारीक नसेचा. सहा वर्षांनी आता तो जायचा नाही. माझ्या आईचा गुडघा बदलून अकरा वर्षं झाली. ती रोज बाजारात जाते आणि परत आल्यावर म्हणते, ‘चालतो चांगला, पण माझा वाटत नाही.’

गड चढा, कठडा धरून, दम खात. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, तेव्हा खाली गाडीनं या. त्याआधी महिनाभर खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम करा. मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडला, तर चांगला बसवलेला सांधाही लटपटतो.

तुम्ही शेवटचा एक्स-रे कधी काढला, ते लिहिलं नाही. माझी काळजी तिथं आहे. प्लास्टिक झिजलं की त्याच्या कणांमुळे भोवतालचं हाड पोखरतं, आणि सुरुवातीला ते मुळीच दुखत नाही. जंतुसंसर्ग मात्र पुष्कळदा बोंबलत येतो : ताप, गुडघा लाल नि गरम. पायाच्या जखमेतून रक्तावाटे तो वर्षांनंतरही पोचतो. शुगर असेल तर जास्तच जपा. अशा वेळी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून गिळू नका, आधी सर्जनला गाठा. गोळी घेतली की गुडघ्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू पुष्कळदा सापडत नाहीत.

या महिन्यात उभं राहून एक्स-रे काढा. ऑपरेशननंतरची जुनी फिल्म कपाटात असेलच. दाखवायला जाताना तीही न्या, नुसता रिपोर्ट नको.