अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन हे त्यांनी गुलामगिरीत ठेवलेल्या सॅली हेमिंग्ज यांच्या मुलांचे वडील होते, हे सिद्ध झाले आहे का?

माझ्या मते, उपलब्ध पुराव्यांवरून याचे उत्तर 'होय' असेच द्यावे लागते. 1998 च्या डीएनए चाचणीत सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचे गुणसूत्र जेफरसन घराण्याच्या पुरुषवंशाशी जुळले. चाचणीतून घराणे कळते, नेमकी व्यक्ती कळत नाही. म्हणून काही अभ्यासक थॉमस यांचे धाकटे भाऊ रँडॉल्फ यांच्याकडे बोट दाखवतात. परंतु सॅलीच्या नोंद असलेल्या प्रत्येक गर्भधारणेच्या काळात थॉमस आपल्या माँटिसेलो या व्हर्जिनियातील मळ्यावरच होते, आणि सॅलीचा मुलगा मॅडिसन याने 1873 साली आपल्या आईची हकीकत स्वतः सांगितली होती. ती इतकी वर्षे दुर्लक्षित राहिली, ही मला फार खेदाची गोष्ट वाटते.

तथापि वाद केवळ पितृत्वाचा नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सर्व माणसे समान आहेत' असे लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलामगिरीत ठेवली. मृत्युपत्राने त्यांनी पाच जणांना मुक्त केले, त्यांत लोहार जो फॉसेट होता. मात्र राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी स्वयंपाक केलेली त्याची पत्नी एडिथ आणि त्यांची मुले जानेवारी 1827 च्या लिलावात वेगवेगळ्या खरेदीदारांना विकली गेली.