लेखकांचे प्रश्न : कोल्हापूर, पण कोल्हापुरात

प्रश्न : कादंबरीचे हस्तलिखित संगणकावरच्या शुद्धलेखन तपासनीसातून काढले, तरी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका उरल्या. असे का होते? (राजारामपुरी)

उत्तर : तपासनीस फक्त कोशात नसलेला शब्द पकडतो. सूत म्हणजे धागा किंवा सारथी, सुत म्हणजे मुलगा. दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे कर्णाला तुम्ही 'सुतपुत्र' केलेत तरी तपासनीस हरकत घेत नाही. दिन-दीन, शिर-शीर यांचेही तेच. 'पाणिग्रहण' मधला पाणि म्हणजे हात. तिथे णी दीर्घ काढली की वाचकाला पाणी दिसते.

सर्वाधिक चुका मात्र सामान्यरूपात होतात. अकारान्त मराठी शब्दाचे शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असेल, तर प्रत्यय लागताना ते ऱ्हस्व होते : ऊस-उसाचा फड, गूळ-गुळाची ढेप, पूर-पुराचे पाणी, कोल्हापूर-कोल्हापुरात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत : शरीराला, दूताला, जीवाला. म्हणून गाठोडे 'सुताने' बांधायचे आणि रथ 'सूताने' हाकायचा. हा भेद कळला की निम्मे काम झाले.

तपासताना कथा वाचत बसू नका. गोष्टीत मन गुंतले की डोळा अक्षरे सोडतो. आपल्या नेहमीच्या चुकांची यादी करा आणि एकेक शब्द 'शोधा' मध्ये टाका. 'पूरा', 'गूळा', 'ऊसा' असे तुकडे शोधलेत तर चुकीची सामान्यरूपे लगेच सापडतात. 'सर्व बदला' मात्र कधीही दाबू नका. 'पूर' च्या जागी 'पुर' घातलेत, तर 'पूर्ण' आणि 'अपूर्व' हे शब्दसुद्धा बिघडतात, कारण संगणकाच्या लेखी त्यांतही 'पूर' आहेच.

प्रश्न : पात्रे आपल्याकडची बोली बोलतात. नियम मोडतात का? (शिरोळ)

उत्तर : नाही. शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या आणि १९७२ साली भर घातलेल्या लेखननियमांतच पात्राच्या तोंडी 'असं केलं' लिहायला मुभा आहे. अट एकच, आणि ती आम्ही घालतो : सातत्य. एकाच म्हाताऱ्याच्या तोंडी एका पानावर 'न्हाई' आणि पुढच्या पानावर 'नाय' नको. प्रत्येक पात्राचे चार-पाच शब्द (व्हय, लई, कुठं) वहीत लिहून ठेवा आणि तेवढेच पाळा. प्रत्येक उच्चार अक्षरात उतरवू गेलात, तर पुण्या-नागपूरचा वाचक अडखळतो. बोलीचा खरा गोडवा वाक्याच्या ठेवणीत असतो, तो जपा. निवेदक स्वतःच गावचा असेल, तर निवेदनही बोलीत चालेल.

प्रश्न : आवाहन की आव्हान? (गडहिंग्लज)

उत्तर : रक्तदानासाठी आवाहन, तालमीतल्या पैलवानाला आव्हान. मागणी असेल तर पहिले, ललकार असेल तर दुसरे.