तिशीत ऑटिझमची शंका आली, नोकरी चालू आहे. तपासणी कुणाकडे करावी आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लगेच काढावं का?

निदान आणि प्रमाणपत्र ही दोन वेगळी कामं आहेत. आधी निदान करून घ्या.

ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. बऱ्याच ठिकाणी फक्त मुलांनाच तपासतात, म्हणून फोनवरच विचारा: मोठ्यांचं निदान करता का? लेखी रिपोर्ट देता का? नेटवरच्या ५० प्रश्नांच्या एक्यू (ऑटिझमची लक्षणं स्वतः चाचपण्याची) चाचणीचे गुण सोबत न्या, पण ते म्हणजे निदान नव्हे. सोशल अँग्झायटी, म्हणजे लोकांत वावरण्याची भीती, असली तरी ते गुण वाढतात.

खरी अडचण येते ती बालपणाच्या माहितीची. लक्षणं लहानपणापासून असावी लागतात आणि "मी लहानपणी वेगळा होतो का?" असं विचारलं की आई हमखास म्हणते, "छे, गुणी होतास." त्यापेक्षा नेमकं विचारा. बोलायला कधी लागलो? कुकरच्या शिट्टीला कान झाकायचो का? इतर मुलांत खेळायचो की शेजारी बसून एकटाच? रोजचा रस्ता बदलला तर काय व्हायचं? प्रगतिपुस्तकांवरचे शेरेही शोधा. डीएसएम-५ या मानसिक निदानाच्या अमेरिकी नियमावलीप्रमाणे सामाजिक संवादाचे तिन्ही निकष लागतात आणि ठरावीकपणा, पुनरावृत्ती, संवेदना या गटातल्या चार निकषांपैकी किमान दोन. प्रत्येक निकषाखाली शाळेतला एक आणि आत्ताचा एक प्रसंग लिहून न्या.

"नोकरी करता, डोळ्यांत बघून बोलता, मग ऑटिझम कसा?" असं कुणी म्हटलं तर खचू नका. मीटिंगआधी वाक्यं पाठ करावी लागतात, नंतर तासन् तास कुणाशी बोलवत नाही, हे सगळं स्पष्ट सांगा. तरी ऐकलं नाही तर दुसऱ्या तज्ज्ञांकडे जा. एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण), ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा), नैराश्य हेही तपासून घ्या. ते सोबत असू शकतात.

प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. तिथे आयएसएए ही ऑटिझम मोजायची भारतीय मोजपट्टी वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली गुण आले तर त्या मापाने ऑटिझम धरत नाहीत. बोलणारी, कमावती माणसं अनेकदा तिथेच अडकतात, पण त्यामुळे तुमचं निदान खोटं ठरत नाही. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व मिळालं तर आरक्षण आणि जुन्या करप्रणालीत उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट मिळते. एवढ्यासाठीच घाई करू नये असं मला वाटतं.

ऑटिझम घालवणारं औषध नाही. बरा करतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. झोप आणि चिंता यांवर मात्र उपचार होतात, आवाज-प्रकाशाच्या त्रासासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट मदत करतात. ऑफिसात सांगण्याआधी कंपनीचं समान संधी धोरण वाचा. ते जाहीर करणं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बंधनकारक आहे. मग मोजकंच मागा: सूचना लेखी, जागा कोपऱ्यातली, हेडफोनची परवानगी.