शिवणवर्ग आधी नको

सिस्टर, शहापूरच्या वाड्यांवर तुझी नेमणूक झाली, छान झालं. पण गेल्या गेल्या काही सुरू करायच्या भानगडीत पडू नकोस. मी दिवाळीच्या तोंडावर मोठ्या हौसेने शिवणवर्ग काढला होता. पंधरा दिवसांत कातकरवाडी, म्हणजे कातकरी आदिवासींची वस्ती, रिकामी, दारांना काटक्या लावलेल्या! सगळे वीटभट्टीवर, पोरांसकट. ते परततात पावसाच्या तोंडावर. तेव्हा आधी त्यांचं वर्ष समजून घे, मग आपलं वेळापत्रक.

भट्टीच्या कामाचं मूळ असतं उचल. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा घेतलेले पैसे पुढे विटा पाडून फेडायचे. हिशेबाची वही मालकाकडे. म्हणून बायकांना आकडे शिकव. आपल्या विटा आपणच मोजून भिंतीवर कोळशाने रेघा मारल्या तरी पुष्कळ. वेठबिगारीविरुद्ध 1976 चा कायदा आहे, तो वाचून ठेव. 2006 चा वनहक्क कायदाही.

जातीचा दाखला, जन्मनोंद, रेशनकार्ड यांत तुझे निम्मे दिवस जातील. तलाठी, तहसील, परत तलाठी. ही सेवाच आहे गं, प्रार्थनेतून वेळ चोरल्यासारखं वाटून घेऊ नकोस.

'धर्म बदलायला आलात का?' असं कुणीतरी विचारणारच. चिडू नकोस, 'नाही' म्हण आणि कामाला लाग. आणि हो, कॉन्व्हेंटची गाडी सडकेलाच ठेव. चालत गेलीस तर कोरा चहा मिळतो, गाडीतून उतरलीस तर अर्ज.