आई-वडिलांचे शिक्षण अर्जात कसे लिहावे?

प्रिय विद्यार्थिनी,

बारावीच्या अभ्यासाबरोबरच अमेरिकेतील विद्यापीठांना अर्ज करण्याची तयारी तू एकटीने चालवली आहेस. वडील सातवीपर्यंत आणि आई चौथीपर्यंत शिकलेली आहे, मोठा भाऊ पदवीधर असला तरी या प्रवेशप्रक्रियेची माहिती घरात कोणालाच नाही, असे तू लिहितेस. ‘कॉमन ॲप’मध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांना एकच ऑनलाइन अर्ज करण्याच्या सोयीत, आई-वडिलांच्या शिक्षणाचा रकाना आला तेव्हा तू तिथेच थांबलीस. तो रकाना खरा भरावा का, भावाच्या पदवीमुळे तू ‘फर्स्ट जनरेशन’ (उच्च शिक्षण घेणाऱ्या पहिल्या पिढीतील) ठरत नाहीस का, आणि मैत्रीण म्हणते त्याप्रमाणे निबंधात घरच्या हलाखीबद्दलच लिहावे का, असे तुझे तीन प्रश्न आहेत.

रकाना आहे तसा, खरा भर. अमेरिकेतील, मोजक्याच अर्जदारांना निवडणारी बहुतेक विद्यापीठे गुण एकटे पाहत नाहीत. विद्यार्थी कोणत्या शाळेत शिकला, तिथे कोणते विषय उपलब्ध होते, घरी कोणाची मदत मिळू शकत होती, हे सारे समोर ठेवून ते गुण वाचले जातात. तू रकाना झाकून ठेवलास, तर तुझे गुण कोणत्या परिस्थितीत आले हे कळण्याचा मार्गच तू बंद करशील. आईचे शिक्षण चौथीपर्यंत झाले, ही माहिती आहे. त्यात लपवण्यासारखे काही नाही आणि सजवण्यासारखेही काही नाही.

भावाच्या पदवीची काळजी सोडून दे. अमेरिकेच्या 1965 च्या उच्च शिक्षण कायद्यातील व्याख्या पालकांच्या शिक्षणाकडे पाहते: आई-वडिलांपैकी कोणीही पदवी पूर्ण केलेली नसेल, किंवा विद्यार्थी एकाच पालकाजवळ वाढला असेल आणि त्या पालकाकडे पदवी नसेल, तर तो पहिल्या पिढीतील विद्यार्थी मानला जातो. भावंडांचे शिक्षण त्यात मोजले जात नाही. विद्यापीठे मात्र आपापल्या व्याख्या थोड्याफार बदलून वापरतात, म्हणून तुझ्या यादीतील प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती वाचून घे. या कायद्याखाली चालणारे ‘ट्रिओ’ हे मदतकार्यक्रम मुख्यतः अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी आहेत, तेव्हा त्यांवर भिस्त ठेवू नकोस. मात्र अनेक विद्यापीठांनी पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांसाठी स्वतःचे विभाग उघडले आहेत. परदेशी विद्यार्थ्यांना तिथे सहभागी होता येते का, हे त्या विभागाला ईमेलने विचार.

निबंधाबद्दल मैत्रिणीचे म्हणणे मला पटत नाही. पालकांचे शिक्षण अर्जात आधीच नोंदलेले असते. तेच पुन्हा सांगण्यात 650 शब्दांची मर्यादा संपवणे म्हणजे स्वतःविषयी बोलण्याची महत्त्वाची मोकळी जागा गमावणे. शिवाय अशा निबंधात आई-वडील दयनीय आणि मुलगी त्यांच्यातून सुटलेली, असे चित्र नकळत उभे राहते, आणि ते तुझ्या घराबद्दल खरे नाही, हे तुझ्याच पत्रावरून दिसते. लिहून झाल्यावर निबंधाचा आशय आई-वडिलांना मराठीत सांगून पाहा; सांगताना तुला अवघडल्यासारखे झाले, तर तो निबंध बदल.

तुझ्या पत्रात एक वाक्य तू जाता जाता लिहिले आहेस: आठवीपासून आईच्या शिवणकामाची वही तू लिहितेस, आणि गिऱ्हाइकांची उधारी वाढू लागली तेव्हा निम्मे पैसे आगाऊ घेण्याची पद्धत तू सुरू केलीस. हे मी पुन्हा पुन्हा वाचले. अडचण कशी लक्षात आली, जुन्या गिऱ्हाइकांना हे सांगताना आई का कचरत होती, तू तिला काय समजावलेस आणि पुढे काय बदलले, एवढे नेमकेपणाने लिहिलेस तरी वाचणाऱ्याला तुझी विचार करण्याची रीत कळेल.

हीच गोष्ट अर्जातील उपक्रमांच्या विभागातही आली पाहिजे. तिथे दहा जागा असतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला जेमतेम 150 अक्षरे मिळतात. तू तिथे फक्त वक्तृत्व स्पर्धा लिहिली आहेस, कारण उपक्रम म्हणजे बक्षिसे, असा तुझा समज झाला आहे. घरच्या जबाबदाऱ्यांसाठी त्या यादीत स्वतंत्र प्रकार आहे. ‘आईला मदत करते’ एवढेच लिहू नकोस, ‘शिवणकामाच्या ऑर्डरी, मापे, तारखा व उधारीची नोंद ठेवते, आगाऊ रक्कम घेण्याची पद्धत सुरू केली’ असे लिही, आणि आठवड्याचे तास प्रामाणिकपणे भर.

शाळेत समुपदेशक नाही, हा अडथळा वाटतो तेवढा मोठा नाही. अर्जासोबत शाळेने पाठवायचा अहवाल मुख्याध्यापक किंवा एखादे शिक्षक भरू शकतात, परंतु त्यांनीही तो पूर्वी भरलेला नसणार. म्हणून मुदतीच्या बऱ्याच आधी त्यांना भेटून कोणते कागद कधी पाठवायचे हे लेखी दे. जिथे अडेल तिथे विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला थोडक्यात ईमेल कर. असे विचारल्याने आपले अज्ञान उघडे पडेल, ही तुझी भीती मी समजू शकते. पण शिकलेल्या घरांतील मुलांनाही या गोष्टी उपजत ठाऊक नसतात, त्यांना विचारायला घरात माणूस असतो, एवढाच फरक आहे, आणि तुझ्यासाठी ते काम या कार्यालयांनी करायचे आहे.

आता पैशांविषयी, कारण तुझ्या बाबतीत खरी जोखीम तिथे आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याची आर्थिक गरज विचारात घेत नाहीत आणि प्रवेश दिल्यास ती गरज पूर्ण भागवतात. बहुतेक ठिकाणी मात्र मदत मागितल्याचा परिणाम निवडीवर होऊ शकतो. तरीही निवडीची शक्यता वाढावी म्हणून ‘मदत नको’ असे लिहू नकोस. अनेक विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याला नंतर मदत मागू देत नाहीत, आणि मग हाती आलेला प्रवेश सोडावा लागतो. ‘अर्ली डिसिजन’ हा बंधनकारक पर्याय (लवकर अर्ज करायचा, आणि प्रवेश मिळाल्यास तिथेच जायचे) निवडण्यापूर्वी त्या विद्यापीठाचे मदतीचे नियम पूर्ण वाच. मदत अपुरी पडल्यास त्यातून बाहेर पडता येते, परंतु मदतीच्या प्रस्तावांची तुलना करण्याची संधी तू त्यात गमावतेस.

‘सीएसएस प्रोफाइल’ (अनेक विद्यापीठे वापरतात तो आर्थिक मदतीचा ऑनलाइन अर्ज) किंवा विद्यापीठाचा स्वतःचा मदत अर्ज भरण्यासाठी वडिलांचे उत्पन्न, बचत आणि कर्ज यांचे आकडे लागतील. ते अंदाजाने भरू नकोस. आई-वडील आणि भाऊ यांना एकत्र बसवून प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून दाखव. भाऊ पदवीधर आहे, कागदपत्रे जुळवण्याचे काम त्याच्याकडे सोपव. ही माहिती कोण पाहणार आहे, असे वडील नक्की विचारतील. ती आर्थिक मदत ठरवण्यासाठी घेतली जाते, हे त्यांना नीट सांग आणि त्यांच्या शंका संपल्यावरच अर्ज पाठव.