उत्तर: अहवालाचं मोठं काम उधारीवर घ्यावं का? (जरा लांबलंय)

तुमची पोस्ट वाचली. कोल्हापुरात राजारामपुरीत डिजिटल प्रिंटचं दुकान, मशीन कर्जावर, इन्स्टावर रोज फोटो, वर पैसे देऊन जाहिरात, आणि तरी येणारं गिऱ्हाईक झेरॉक्स नि शंभर व्हिजिटिंग कार्डांच्या पुढं सरकत नाही, म्हणून धंदा वाढवायचा कसा, असं विचारलंय. त्यात आता एका मोठ्या संस्थेतून "वार्षिक अहवाल तुम्हीच छापा, पैशाचं बघू" असा निरोप आलाय आणि त्याच्या जोरावर तुम्ही दुसरं मशीन बघायला लागलाय. ते "पैशाचं बघू" वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

आधीच सांगते, मी सीए नाही, वकीलही नाही. उद्यमनगरात सासऱ्यांच्या ट्रेडलपासून (पायानं चालवायचं जुनं छपाई यंत्र) चालत आलेली प्रेस सांभाळते. आता एक मिनी ऑफसेट आणि एक छोटं डिजिटल आहे. जे लिहितेय ते आमच्या गल्ल्यावरनं लिहितेय, तुमचं गणित वेगळं असू शकतं. गूगल मॅपवर दुकान टाकणं, रेटकार्ड व्हॉट्सॲपला ठेवणं हे तुम्ही केलंच असणार, त्यावर बोलत नाही.

अहवालाचं काम वाईट नाही. आपल्या जिल्ह्यात गावागणिक दूध संस्था, विकास सेवा संस्था, पतसंस्था. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला लागते आणि सभासदांना नोटीस १४ दिवस आधी जायला लागते. म्हणजे ऐन गणपतीच्या गडबडीत सगळ्यांना अहवाल एकदमच पाहिजे असतो. गावातली छोटी दूध संस्था असेल तर बिनधास्त घ्या. सचिव स्वतः मोटारसायकलवर येतो, प्रूफ तिथंच वाचतो, गठ्ठे नेताना बरेचदा चेकही देतो. माझी तक्रार मोठ्या संस्थांबद्दल आहे, जिथं काम सांगणारा एक, मंजूर करणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसराच असतो.

आम्हाला ज्यांनी खड्ड्यात घातलं त्यांचं नाव घेत नाही. तिथली टेबलावरची माणसं बदलली, आणि मला भांडण नको. फोन आला होता, "वहिनी, मागच्या वर्षीसारखाच करायचाय, तुम्ही सुरू करा, ऑर्डर मागनं पाठवतो." प्रूफ गेलं. मग संचालकांच्या फोटोंवरनं रामायण. चेअरमन, व्हाईस चेअरमन वर, इथपर्यंत एकमत. खालचे आडनावाप्रमाणे लावायचे का ज्येष्ठतेप्रमाणे, यावर रोज वेगळा फोन. एकांना फेट्यातला फोटो नको होता, दुसऱ्यांना फेट्यातलाच पाहिजे होता. शेवटी "आता ओके, छापा" असं फोनवरच सांगितलं. छपाईच्या प्लेटा काढल्या, दोन हजार प्रती छापून, पिना मारून, नोटिसीच्या तारखेआधी पोच केल्या. पोचेवर शिपायाची सही.

दोन दिवसांनी कळलं की ताळेबंदातला एक आकडा लेखापरीक्षकानं बदललाय आणि तो बदल आम्हाला कोणी कळवलाच नाही. तेवढा फर्मा (एका तावावर एकत्र छापलेली पानं) परत छापा, पिना काढून परत बांधा, तेही रात्रीत. तेही केलं, कारण सभा तोंडावर होती.

खरी मजा बिल द्यायला गेल्यावर. आवकच्या टेबलावरच्या माणसानं बिल उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "कार्यादेशाचा जावक क्रमांक कुठाय?" ऑर्डर तुम्हीच मागनं पाठवणार होता की. "मग तो आल्याशिवाय बिल आवक होत नाही." शिक्का मारायला तयार नाही. लेखा विभागात गेले तर, "तीन कोटेशन लागतात. दुसऱ्या दोन प्रेसची घेऊन या, फक्त रेट तुमच्यापेक्षा जास्त असू देत." काम होऊन, सभा होऊन, लोक अहवालाचा पुठ्ठा वारा घ्यायला वापरून मोकळे झाल्यावर कोटेशन! मी नाही म्हटलं. उद्या ऑडिटमध्ये विषय निघाला तर त्या कागदांवर बोट माझ्याकडंच येणार. तेव्हापासनं माझी फाईल सगळ्यात खाली. वर आणि प्रत्येक टेबलावर तेच, "तुमच्या साहेबांना पाठवा." साहेब कोण? प्रेस मी चालवते, बिलावर सही माझी, तरी साहेबांना पाठवा.

मग नेहमीचं. टिपणी ठेवलीय. विषय मीटिंगला घेतलाय. कोरम झाला नाही. दिवाळी गेली, मार्च गेला. कागदवाला ३० दिवसांच्या बोलीवर माल देतो, प्लेटवाल्याला तर रोख लागते. त्यांना मी कोरम सांगू का? शेवटी पैसे आले तेव्हा दुसऱ्यांदा छापलेल्या फर्म्याचे कापून आले, शेरा असा की "दुरुस्तीचा खर्च मुद्रकाने सोसावयाचा आहे". दुरुस्ती त्यांच्या आकड्याची. त्या वर्षी जुनं पण चांगलं प्रोग्रामिंग कटिंग मशीन घ्यायचं ठरलं होतं, ते राहिलं, आणि पुढं कितीतरी दिवस आम्ही कटिंगला गठ्ठे रिक्षातनं दुसरीकडं पाठवत होतो.

म्हणून तुम्हाला माझं स्पष्ट मत: लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, सही-शिक्क्याची ऑर्डर हातात आल्याशिवाय एक ताव कापू नका. ऑर्डरीत प्रती, पानं, कागदाचं वजन (जीएसएम), दर, कर आणि प्रूफ मंजूर झाल्यानंतरच्या दुरुस्तीचा वेगळा दर लिहून घ्या. निदान कागद आणि क्लिकचा (डिजिटल मशीनवर दर पानाला लागणारा) खर्च निघेल एवढा ॲडव्हान्स पाहिजे. प्रूफच्या प्रत्येक पानावर सही आणि तारीख. फोनवरचं ओके म्हणजे काहीच नाही. व्हॉट्सॲपवरचं ओके जरा बरं, पण ते ज्याला अधिकार आहे त्याच्या नंबरवरनं आलेलं असावं. "आम्ही नेहमीचे, आमच्यावर विश्वास नाही का" म्हणून कोणी रुसलं तर रुसू द्या. एवढ्यावर जो जातो तो बिलाच्या वेळी असाही तुम्हाला फिरवणारच होता.

दुसरं, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर आज करा. फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नका. तो नंबर बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायला लागतात. पुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरात एक नियम लागू झालाय (१९६१ च्या कायद्यात तो ४३बी(एच) होता). सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर घेणाऱ्याला तो खर्च, पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत, वजा मिळत नाही. गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या कंपन्यांना मार्चमध्ये त्यांचे सीएच याची आठवण करून देतात, आपण फक्त उद्यमचा नंबर डोळ्यासमोर ठेवायचा. नोंदणी मात्र काम घ्यायच्या आधीची पाहिजे. नंतर काढलेली जुन्या बिलाला चालेल असं धरून चालू नका, आणि हे एकदा तुमच्या सीएला विचारून घ्या. सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर उशिरा पैसे देणाऱ्याची तक्रार करता येते, पण ती केली की ते गिऱ्हाईक गेलं, हेही धरून चाला.

आता तुमचा मूळ प्रश्न, धंदा वाढवायचा कसा. इन्स्टा बंद करा म्हणत नाही, पण आपल्या धंद्यात पैसा परत परत येणाऱ्या कामात आहे. उदाहरणार्थ बिलबुक. जीएसटीत बिलाचा नंबर सलग आणि त्या आर्थिक वर्षापुरता वेगळा लागतो, म्हणून बरेच दुकानदार १ एप्रिलला नवीन सिरीज काढतात. मग फेब्रुवारीतच लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, मार्केट यार्डात एक चक्कर मारा. प्रत्येक बिलबुकात शेवटच्या दहा पानांच्या आधी एक रंगीत चिठ्ठी बांधा, "पुस्तक संपत आलंय", खाली तुमचा नंबर आणि जॉब नंबर. वहीत त्या गिऱ्हाइकाचा शेवटचा छापलेला नंबर टिपून ठेवा. आमच्याकडं या चिठ्ठीनं जेवढी कामं परत आली तेवढी कुठल्या जाहिरातीनं आली नाहीत. आणि कंपोझिशनवाला (जीएसटीत ठोक दरानं कर भरणारा छोटा) दुकानदार "टॅक्स इन्व्हॉइस" छापून मागायला आला तर छापून देऊ नका, त्याला सांगा की तुमचं "बिल ऑफ सप्लाय" असतं आणि तुम्हाला कर वसूल करता येत नाही असं वाक्य वर छापायला लागतं. एवढं सांगणारा प्रेसवाला तो सोडत नाही.

तुमच्या डिजिटल मशीनला खरं काम आहे ते लेबलांचं. मार्च ते मे घरोघर चटणी कांडली जाते, आणि बचत गटाच्या, घरगुती विकणाऱ्या बायकांना दोनशे-तीनशे लेबलंच लागतात. ऑफसेटला एवढ्यासाठी प्लेटा काढणं परवडत नाही, तुम्हाला परवडतं. पण कागदी स्टिकर देऊ नका. कांदा-लसूण मसाल्याचं तेल पाकिटाच्या तोंडाशी लागतं, बोटाला लागतं, आणि आठ दिवसांत लेबल अर्धपारदर्शक होऊन खालची अक्षरं पिवळी दिसायला लागतात. पीव्हीसी स्टिकर, वर लॅमिनेशन. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर, हिरवं चिन्ह, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, पॅकिंगची तारीख, पत्ता आणि तक्रारीसाठी नंबर हे सगळं आहे का बघूनच छापा. बॅच आणि तारखेची जागा कोरी सोडा, म्हणजे उरलेली लेबलं वाया जात नाहीत. पहिल्या वेळी त्यांच्याकडनं डिझाईनचे पैसे घेऊ नका, पण फाईल तुमच्याकडंच ठेवा.

ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं सुरू झालंय, तेव्हा वकील मंडळीही बघा. पेपरबुकच्या (खटल्याच्या बांधलेल्या कागदांच्या) झेरॉक्स-बाइंडिंगला वेळेत देणारा माणूस त्यांना पाहिजे असतो, दोन रुपयांनी कमी घेणारा नव्हे. बार कौन्सिलच्या नियमांमुळं त्यांना जाहिरात करता येत नाही, त्यामुळं त्यांच्या कार्डावर फोटो, घोषणा, "नामवंत" वगैरे टाकायला जाऊ नका.

फ्लेक्समध्ये पडू नका, हे माझं वैयक्तिक मत आहे, फ्लेक्सवाल्यांनी राग मानू नये. दादांच्या वाढदिवसाचं डिजिटल (म्हणजे फ्लेक्सचा बोर्ड) रात्री अकराला पाहिजे असतं आणि पैसे पुढच्या वाढदिवसाला. शिवाय १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे, आणि लोकांना तोच स्वस्त पाहिजे असतो. तालीम मंडळाचं काम नाही म्हणता येत नाही, ते मला माहितीय. पावती पुस्तकं छापा, वर्गणी म्हणून थोडे कमी करा, पण उरलेले रोख घ्या.

निवडणुकीची पत्रकं आली तर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता खाली छापल्याशिवाय ताव बाहेर जाऊ देऊ नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ वाचा. प्रकाशकाचं दोन साक्षीदारांच्या सह्यांचं प्रतिज्ञापत्र दोन प्रतींत घ्यायचं आणि छापल्यावर त्याची एक प्रत नमुन्यासह जिल्हाधिकाऱ्यांकडं द्यायची. नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महापालिका, झेडपीला राज्य निवडणूक आयोगाचे वेगळे आदेश निघतात, ते त्या वेळी बघा. आणि ही कामं शंभर टक्के आगाऊ. हरलेला उमेदवार तर सापडतच नाही, निवडून आलेलाही सापडत नाही.

दुसऱ्या मशीनचं: नको. डिजिटलला क्लिकचा दर पानागणिक लागतो, मशीन दोन झाली म्हणून तो कमी होत नाही. त्या हप्त्याच्या कितीतरी कमी पैशात क्रीझिंग (घडीसाठी आधी खाच दाबणं), कॉर्नर कटिंग आणि थर्मल लॅमिनेशन दुकानातच येईल. आत्ता तुम्ही फिनिशिंग बाहेर पाठवत असणार, म्हणजे नफा बाहेर जातोय आणि गिऱ्हाईक उद्यावर.

जागा तळमजल्यावर असेल आणि गोडाऊन शाहूपुरी-लक्ष्मीपुरीकडं घेणार असाल तर कागद फळीवर, कंबरेच्या वर ठेवा. २०१९ आणि २०२१ ला रीमच्या रीम फुगून विटांसारख्या घट्ट झालेल्या बघितल्यात. विम्यात पूर धरलाय का तेही एजंटाच्या तोंडाकडं न बघता पॉलिसीत बघा. कोरड्या जागेतसुद्धा जुलैत उघडी रीम ठेवू नका, ताव वाकतो आणि मशीन जाम होतं.

तुम्ही पोस्टमध्ये टाकलेल्या घडीच्या कार्डाचा फोटो मोठा करून बघितला. घडीवर शाई तडकून पांढरी रेघ आलीय. ३०० जीएसएमला क्रीझ न मारता हातानं दुमडलंय आणि बहुतेक घडी ग्रेनच्या (कागदातल्या तंतूंच्या दिशेच्या) आडवी आलीय. पुढच्या वेळी लेआउट फिरवून ताव लावा, आणि तो नमुना इन्स्टावरनं आधी काढा.