घटस्फोटानंतर बारा वर्षांनी आलेली पोटगीची नोटीस

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. 2013 मध्ये परस्पर संमतीने आमचा घटस्फोट झाला, तेव्हा ‘यापुढे कोणीही कोणाकडे काहीही मागणार नाही’ असे दोघांनी लिहून दिले होते. 2019 मध्ये मी कर्ज काढून फ्लॅट घेतला. आता, पाठीच्या दुखण्यामुळे काम होत नाही असे सांगून माजी पतीने वकिलामार्फत दरमहा 15 हजार रुपये पोटगी आणि फ्लॅटचा निम्मा हिस्सा मागितला आहे. नोटिशीकडे दुर्लक्ष केले तर चालेल का?

उत्तर : ताई, दुर्लक्ष अजिबात करू नका. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 25 नुसार कायमस्वरूपी पोटगीचा अर्ज घटस्फोटाच्या हुकूमनाम्याच्या (न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या) वेळी किंवा त्यानंतर केव्हाही करता येतो आणि तो पत्नीप्रमाणे पतीलाही करता येतो. नांदेडच्या एका प्रकरणात 2015 मध्ये घटस्फोट झाल्यानंतर पतीने असा अर्ज केला; न्यायालयाने शिक्षिका असलेल्या पत्नीला दरमहा 3 हजार रुपये अंतरिम (अंतिम निकाल लागेपर्यंतची) पोटगी द्यायला सांगितले आणि ती थकल्यावर तिच्या पगारातून दरमहा 5 हजार रुपये कापून न्यायालयात भरण्याचा आदेश शाळेला दिला. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हे आदेश कायम ठेवले.

तडजोडीतले ते वाक्य तुमच्या बाजूचे आहे, पण केवळ त्याच्यावर विसंबू नका. पत्नीने पोटगीचा हक्क असा लिहून सोडणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2004 मध्ये म्हटले होते आणि समोरचे वकील तोच मुद्दा पतीसाठी मांडतील. माझ्या मते त्या वाक्याचा उपयोग निराळा आहे. कलम 25 खाली न्यायालय दोघांचे उत्पन्न, मालमत्ता, वर्तन आणि इतर परिस्थिती पाहते. समजून-उमजून केलेली तडजोड आणि त्यानंतर बारा वर्षे एक रुपयाही न मागणे, हे त्यात तुम्ही ठामपणे मांडले पाहिजे.

फ्लॅटची काळजी मात्र सोडा. घटस्फोटानंतर स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या घरात माजी पतीला हिस्सा देणारी तरतूद या कायद्यात नाही. घराचा संबंध येईल तो तुमची ऐपत ठरवताना, म्हणून कर्जाच्या हप्त्यांचे बँक विवरण जपून ठेवा.

प्रकरण न्यायालयात गेले, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निर्णयानुसार दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. माजी पतीच्या नावावर गावाकडे शेती असेल, तर सातबारा उतारा आजच काढा. दुखण्याची वैद्यकीय कागदपत्रे मागा. त्यांनी पुन्हा लग्न केले आहे का, हेही पाहा, कारण तसे असल्यास पोटगीचा आदेश बदलण्याची किंवा रद्द करण्याची मुभा देणाऱ्या कलम 25(3) चा आधार घेता येतो.

नोटिशीला मुदतीत वकिलामार्फतच उत्तर द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळही लिहू नका. पुढे समन्स आले आणि तुम्ही हजर राहिला नाहीत, तर एकतर्फी आदेश होऊ शकतो. हुकूमनामा आणि तडजोडीच्या अटी यांच्या प्रमाणित प्रती हाताशी नसतील, तर नकलेचा अर्ज याच आठवड्यात करा. जुनी फाइल अभिलेख कक्षातून निघायला वेळ लागतो.